सरड्याची धाव कुंपणापर्यंत, मग कुंपण कसं हवं?

मागच्या भागात आपण घरातल्या कासवाच्या टाकीबद्दल बोललो होतो. तो भाग आला आणि दोनच दिवसांत आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून निरोप आला. "ताई, तुम्ही त्या मोबाइलवरच्या मासिकात जनावरांबद्दल लिहिता नव्हं? जरा वर येऊन बघता का? पोराचा सरडा दोन दिवस झाले डोळंच उघडंना."

आम्ही करोल बागेत, रैगरपुऱ्याच्या बाजूला राहतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोने-चांदी गलाईच्या धंद्यामुळे देशभर पसरली आहेत. करोल बागेतही त्यांची घरं आहेत आणि वरच्या मजल्यावरचं कुटुंब त्यातलंच. अकरावीतल्या मुलाला त्याच्या गुरुग्रामच्या मावसभावाने परदेशी जाताना स्वतःचा पाळलेला शॅमेलिऑन देऊन टाकला होता. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, ज्याला 'वेल्ड शॅमेलिऑन' म्हणतात तो.

वर गेले तर फ्रिजवर एक फिशटँक. तळाशी रंगीत खडी, कोपऱ्यात पाण्याची वाटी, दोन प्लास्टिकच्या वेली आणि वर निळा दिवा. सरडा खडीवर बसलेला, रंग काळपट, डोळे मिटलेले आणि आत गेलेले. मुलगा कावराबावरा. आजी मात्र ठाम होत्या, "घरात सरडा ठिवायचा असतो का कधी? रानात दिसला तरी लोक तोंड फिरवत्यात."

त्याच संध्याकाळी आम्ही त्याला पशुवैद्याकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, शरीरातलं पाणी कमी झालंय, हाडं अजून ठीक आहेत, पण हाच पिंजरा राहिला तर महिनाभरही काढणार नाही. म्हणजे आजार सरड्यात कमी आणि त्याच्या घरात जास्त होता. म्हणून आजचा भाग पूर्णपणे त्या घराबद्दल. तुमच्याकडे शॅमेलिऑन असेल किंवा घरातलं कुणी त्यासाठी हट्ट धरून बसलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. कदाचित वाचून झाल्यावर तुम्ही पाळायचा विचार सोडून द्याल. तेही चांगलंच आहे.

आधी कागद, मग पिंजरा

दिल्लीत 'गिरगिट' म्हटलं की लोक दोन वेगवेगळे प्राणी एकाच नावात बसवतात. बागेत कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, विणीच्या काळात गळा लाल होणारा तो आपला साधा सरडा. खरा शॅमेलिऑन वेगळा. त्याचे दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना फिरतात, शेपटी गुंडाळलेली असते आणि पायाची पाच बोटं दोन-तीनच्या जुडग्यात चिमट्यासारखी जुळलेली असतात.

आपल्या देशातही एक शॅमेलिऑन आहे. कोकणात काही ठिकाणी त्याला घोयरा म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. तो पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हे सगळं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. "रस्त्यावर सापडला, आम्ही वाचवला" म्हणून पाळता येत नाही. तसा सापडला तर वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे आणि दिल्ली परिसरात वन विभागाबरोबरच वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं बचाव पथक काम करतं.

वेल्ड शॅमेलिऑन, मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन हे विदेशी प्राणी. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आहे आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याखालचे नोंदणीचे नियम आले. त्यानुसार साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना नोंदणीसाठी सहा महिने दिले होते. ती मुदत संपली आहे. आता असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंद करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवावं लागतं.

त्यामुळे वरच्या घरातही मी पहिला प्रश्न हाच विचारला. मावसभावाने नोंदणी केली होती, पण प्राणी दुसऱ्याच्या नावावर करायचा असतो हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ते काम त्यांनी त्याच आठवड्यात सुरू केलं. तुम्हाला कुणी "कागदाची काय गरज, लहान तर आहे" असं म्हणत प्राणी देऊ करत असेल, तर तिथूनच परत फिरा. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमधून विदेशी सरडे पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या प्रवासात कापडी पिशव्यांत कोंबलेले किती जीव वाटेतच जातात याचा विचार करा. बिनकागदाचा प्राणी घेणं म्हणजे त्याच वाटेवर पुढच्या प्राण्याची मागणी नोंदवणं.

काचेची पेटी का नको?

फिशटँक माशासाठी बनवलेला असतो. तो लांबीला जास्त, उंचीला कमी आणि चारही बाजूंनी बंद. शॅमेलिऑनला नेमकं उलट लागतं. तो झाडावर राहणारा प्राणी. त्याचं जग उभं असतं. धोका वाटला की तो वर चढतो. ज्याला वर चढायला जागाच नाही तो दिवसभर भीतीत जगतो.

दुसरी अडचण हवेची. बंद पेटीत ओलावा आणि उष्णता साचते, हवा खेळत नाही आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. तिसरी अडचण प्रतिबिंबाची. शॅमेलिऑन एकलकोंडा असतो. काचेत स्वतःचंच रूप दिसलं तरी त्याला तो प्रतिस्पर्धी वाटू शकतो. मग तो अंग फुगवतो, रंग गडद करतो, खाणं सोडतो. म्हणून एका पिंजऱ्यात एकच सरडा, आणि दोन पिंजरे असतील तर दोघं एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय हवी. "जोडी आणली तर करमेल" हे माणसांचं गणित त्याला लागू होत नाही.

रंगाबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. हिरव्या पडद्यासमोर ठेवला की हिरवा आणि लाल चादरीवर ठेवला की लाल, असं काही होत नाही. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर बदललं की त्यांच्यावरून परतणारा प्रकाश बदलतो आणि रंग बदलतो. हा बदल राग, भीती, जोडीदाराची ओढ, थंडी-ऊन यांच्याशी जोडलेला असतो. म्हणजे तुमच्या सरड्याचा रंग हा त्याच्या तब्येतीचा रोजचा अहवाल आहे. दिवसभर काळपट राहत असेल तर पिंजऱ्यात काहीतरी चुकतंय.

माप किती?

पूर्ण वाढलेल्या नर वेल्ड शॅमेलिऑनची लांबी शेपटीसकट दीड फुटापर्यंत, कधी त्याहूनही जास्त होते. त्याला किमान २ फूट रुंद, २ फूट खोल आणि ४ फूट उंच पिंजरा लागतो. मादी लहान असते, तिला दीड फूट रुंद, दीड फूट खोल आणि ३ फूट उंच चालतो. हे कमीत कमी माप आहे. जागा असेल तर मोठा करा, पण उंची कमी करून लांबी वाढवू नका.

पिंजरा जमिनीवर ठेवू नका. तीन फुटांच्या टेबलावर किंवा मजबूत स्टँडवर ठेवा, म्हणजे सरड्याची सर्वांत वरची फांदी घरातल्या माणसांच्या डोळ्यांपेक्षा उंच राहील. वरून खाली झेपावणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. तुम्ही वरून वाकून पाहिलं की तो घाबरतो. खालून पाहिलं की निवांत असतो.

चौकट आणि जाळी

विदेशी प्राण्यांसाठी तयार जाळीचे पिंजरे ऑनलाइन मिळतात, पण आपल्याकडे तो बनवून घेणं सोपं पडतं. खिडक्यांना मच्छरजाळीचे दरवाजे बसवणारे अ‍ॅल्युमिनियमचे कारागीर प्रत्येक वस्तीत असतात. आम्ही त्यांच्यापैकीच एकांना बोलावलं. त्यांनी माप ऐकून विचारलं, "इसमें रखना क्या है?" आणि उत्तर ऐकल्यावर पुढचा एक तास आपल्या मोबाइलवर सरड्यांचे व्हिडिओ बघितले. पिंजरा मात्र चोख बनवला.

अ‍ॅल्युमिनियमची चौकट घ्या, कारण लाकडी प्लाय रोजच्या पाण्याने फुगतो आणि त्यावर बुरशी धरते. जाळीसाठी मच्छरजाळी वापरू नका. तिच्या बारीक छिद्रांत नखं अडकतात, बोटं सोलवटतात आणि नायलॉनची असेल तर झुरळं-नाकतोडे ती कुरतडतात. प्लास्टिकचा थर दिलेली, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास छिद्रं असलेली चौकोनी जाळी घ्या. कापलेल्या तारांची टोकं चौकटीच्या पट्टीखाली दाबली गेली आहेत ना, हे आतून हात फिरवून बघा.

दार समोर हवं आणि ते मोठं हवं, म्हणजे साफसफाईला पूर्ण हात आत जाईल. तळाला सरकवून बाहेर काढता येईल असा ट्रे हवा. खडी, माती, लाकडाचा भुसा असं काही तळाशी पसरू नका. किडा पकडताना जिभेला चिकटून ते पोटात जातं आणि आतडं अडतं. तळ कोरा ठेवा, फार तर वर्तमानपत्र अंथरा.

दोन दिवे, दोन कामं

शॅमेलिऑनला दोन प्रकारचं 'ऊन' लागतं आणि बहुतेक घरांत इथेच घोळ होतो.

एक दिवा उष्णतेसाठी. साधा पिवळ्या प्रकाशाचा बल्ब पिंजऱ्याच्या बाहेर, वरच्या जाळीवर लावा. त्याखालच्या फांदीवर तापमान नरासाठी २९ ते ३२ अंश, मादी आणि पिल्लांसाठी २७ ते २९ अंश असावं. बाकी पिंजरा २२ ते २६ अंशांच्या दरम्यान राहिला की सरडा स्वतःच गरजेप्रमाणे वर-खाली जातो. बल्ब कधीही आत लावू नका. शॅमेलिऑनला भाजतंय हे वेळेत कळत नाही. तो तापलेल्या बल्बला चिकटून बसतो आणि तुरा भाजून घेतो.

दुसरी ट्यूब यूव्हीबी किरणांसाठी. या किरणांमुळे त्वचेत डी-३ जीवनसत्त्व बनतं आणि त्यामुळे खाण्यातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचतं. ते नसेल तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा सैल होतो आणि पुढे जीभही बाहेर टाकता येत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची लांब टी-५ यूव्हीबी ट्यूब घ्या, ५ किंवा ६ टक्क्यांची. ती सर्वांत वरच्या फांदीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर असावी. ती वर्षभरात बदला, कारण प्रकाश दिसत राहिला तरी उपयोगाचे किरण कमी होत जातात.

इथे एक इशारा. चाँदनी चौकातल्या भगीरथ पॅलेससारख्या इलेक्ट्रिकच्या बाजारात 'यूव्ही ट्यूब' मागितलीत तर पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली किंवा डास मारायच्या यंत्रातली ट्यूब हातात पडू शकते. पाण्याच्या यंत्रातली ट्यूब यूव्हीसी किरण सोडते. त्याने सरड्याचे आणि तुमचेही डोळे जायबंदी होतात. पॅकेटवर 'यूव्हीबी' आणि 'सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी' हे दोन्ही लिहिलेलं असेल तरच घ्या.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच, त्यामुळे "खिडकीपाशी ठेवतो की" हे उत्तर पुरत नाही. दोन्ही दिवे १२ तास चालू आणि १२ तास बंद. टायमर लावा, म्हणजे परीक्षेच्या दिवसांतही चुकणार नाही. रात्री निळा, लाल कुठलाच दिवा नको. त्याला गडद अंधारातच झोप लागते.

वाटीतलं पाणी त्याला दिसतच नाही

वरच्या घरातला सरडा पाण्याच्या वाटीशेजारी बसून तहानेने मरायला टेकला होता. शॅमेलिऑन साचलेल्या पाण्याला पाणी म्हणून ओळखत नाही. रानात तो पानांवरचं दव आणि पावसाचे थेंब चाटतो. त्यामुळे पाणी हलतं, चमकतं आणि पानावरून ओघळतं हवं.

यासाठी एक साधी युक्ती आहे. औषधाच्या दुकानातून नवा सलाइनचा सेट आणा. पिंजऱ्यावर स्वच्छ पाण्याची बाटली ठेवून नळी जाळीतून आत सोडा. नळीवरच्या चाकाने वेग असा ठेवा की दर एक-दोन सेकंदांनी एक थेंब पानावर पडेल. सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास पुरतं. त्याशिवाय पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर बारीक फवाऱ्याच्या बाटलीने पानं दोन मिनिटं भिजवा. खाली पाणी साचू देऊ नका. ट्रे रोज रिकामा करा, नाहीतर डासही होतील.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र पिंजऱ्याच्या मध्यावर लावा. वेल्ड शॅमेलिऑनला दिवसा ४० ते ६० टक्के आणि रात्री त्याहून जास्त ओलावा लागतो. दिवसा सगळं सतत ओलं ठेवणंही चुकीचंच. दोन फवारण्यांच्या मध्ये पानं वाळली पाहिजेत.

पाणी पुरतंय की नाही हे त्याची विष्ठा सांगते. तिच्यातला पांढरा भाग पांढराच असेल तर ठीक. तो नारिंगी दिसू लागला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय.

झाडं आणि फांद्या

पिंजऱ्यात पाहिलं की सरडा चटकन सापडू नये, इतकी पानं हवीत. लपायला जागा असलेला सरडा धीट होतो आणि उलट जास्त दिसतो. जास्वंद सर्वांत चांगली. तिची पानं-फुलं वेल्ड शॅमेलिऑन आवडीने खातो. मनी प्लांट आणि शेफ्लेरा हेही जगभर वापरले जातात आणि आपल्या नर्सरीत सहज मिळतात. कण्हेर, क्रोटन, डिफेनबेकिया आणि चीक असलेली काटेरी झाडं अजिबात नकोत.

नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक असतं. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, वरची माती बदला आणि दोन-तीन आठवडे झाड बाहेरच ठेवा. कुंडीतल्या मातीवर सरड्याच्या तोंडात मावणार नाहीत इतके मोठे गोटे ठेवा.

फांद्या पेरूच्या किंवा तुतीच्या चालतात. जाडी वेगवेगळी हवी, म्हणजे पकड बदलत राहते आणि पायांना व्यायाम होतो. काही आडव्या, काही तिरक्या बांधा. वरून दिव्याजवळून निघून खाली पानांच्या गर्दीत जाणारा एक सलग रस्ता तयार झाला पाहिजे. गुळगुळीत प्लास्टिक पाइप आणि काच यांवर त्याची पकड बसत नाही.

मादी असेल तर वाळूची पेटी

वेल्ड शॅमेलिऑनच्या नराच्या मागच्या टाचेवर जन्मापासूनच एक छोटा कोंब असतो. मादीला तो नसतो. तुमच्याकडे मादी असेल तर लक्षात ठेवा, नर नसला तरी ती अंडी घालते. कोंबडी घालते तशीच. पण ती जमिनीत खोल खणल्याशिवाय अंडी घालत नाही. जागा नाही मिळाली तर अंडी आत अडकून ती मरते. म्हणून ती चार-पाच महिन्यांची झाल्यापासून पिंजऱ्यात फूटभर लांब, रुंद आणि खोल अशा डब्यात ओलसर धुतलेली वाळू ठेवा. खणलेला बोगदा कोसळणार नाही इतकीच ती ओली हवी. ती खणत असताना समोर उभे राहू नका. चाहूल लागली तर ती अर्ध्यावर सोडून देते.

दिल्लीचे ऋतू त्याच्यासाठी कसे?

पुस्तकातली मापं ठीक, पण मे-जूनमध्ये दिल्लीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी उष्णतेचा बल्ब बंद ठेवा, यूव्हीबी चालू राहू द्या. खोली ३२ अंशांच्या वर जाऊ लागली की कूलर किंवा एसी लागणारच. त्याचा झोत पिंजऱ्यावर नको. एसी हवा कोरडी करतो, मग फवारणी वाढवा. लू वाहते त्या दिवसांत पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला ओलं सुती कापड टांगलं तरी फरक पडतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला पिंजरा लावू नका.

पावसाळ्यात हवेतच ओलावा असतो. तेव्हा फवारणी कमी करा, हवा खेळती ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर ४-५ अंश आणि आपल्या घरांत हीटिंग नाही. रात्री १५ ते २० अंश चालतं, त्याखाली नको. तीन बाजूंना पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या बसवा, समोरची जाळी आणि वरचा भाग मोकळा ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह, पिंजऱ्याबाहेर लावा. बंद खोलीत कोळशाची अंगीठी तर कधीच नको. त्यातल्या विषारी वायूने माणसंही दगावतात.

हिवाळ्यातलं कोवळं ऊन हे त्याच्यासाठी औषध. छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, २०-३० मिनिटं बाल्कनीत ठेवा आणि तिथेच बसा. मांजर, कावळे, घारी आणि आपल्याकडची माकडं, सगळ्यांचं लक्ष असतं. हवेत धुरकं असेल त्या दिवशी बाहेर काढू नका.

धूरही महत्त्वाचा. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, फोडणीचा ठसका, दिवाळीचे फटाके या सगळ्यांपासून पिंजरा लांब हवा. गलाईचं काम करणाऱ्या घरांसाठी तर खास सांगते. नायट्रिक अ‍ॅसिडची तपकिरी वाफ माणसाच्याच छातीला त्रास देते, मग एवढ्याशा फुप्फुसाचं काय? कामाच्या जागेच्या वर किंवा शेजारी पिंजरा नको. आमच्या वरच्या घराने तो मागच्या खोलीत, आजींच्या पलंगासमोर हलवला. फ्रिजच्या थरथरीतूनही त्याची सुटका झाली.

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर सरपटणारे प्राणी शक्यतो पाळू नयेत. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू येऊ शकतात. बाकीच्यांनीही पिंजऱ्याला हात लावला की साबणाने धुवायचेच. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ट्रे धुऊ नका.

पिंजरा बांधण्याआधी कॅलेंडर बघा

नवीन पिंजऱ्यात सोडल्यावर पहिले चार दिवस सरडा पानांत दडून बसला. मुलगा दर तासाला डोकावत होता, म्हणून आम्ही समोर चादर लावली. पाचव्या दिवशी पहाटे आजींनी त्याला हाक मारली. जास्वंदीच्या पानावरून थेंब ओघळत होते आणि सरडा एकेक थेंब चाटत होता. दोन्ही डोळे उघडे. आजी म्हणाल्या, "तहानला होता बिचारा." तेव्हापासून सकाळची ठिबक आजीच सुरू करतात. तोंड मात्र अजून अर्धंच फिरवतात.

खरा प्रश्न त्यानंतर आला. मे महिन्यात हे सगळं कुटुंब गावाला जातं, तीन आठवड्यांसाठी. दिल्लीत पारा सर्वांत वर असतो तेव्हाच. शेजाऱ्याला किल्ली देऊन मासे सांभाळता येतात, पण रोज दोनदा फवारणी, जिवंत किडे खायला घालणं आणि वीज गेल्यावर धावपळ करणं कोण करणार? मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी त्यानेच ठरवलं की यंदा बाबा आणि तो मागे राहतील, आई आणि आजी पुढे जातील. गावची जत्रा चुकणार म्हणून त्याचा चेहरा उतरला होता, पण शब्द फिरवला नाही.

चांगली काळजी घेतली तर वेल्ड शॅमेलिऑन पाच ते आठ वर्षं जगतो. आज अकरावीत असलेला मुलगा तोपर्यंत नोकरीला लागलेला असेल, कदाचित दुसऱ्या शहरात. म्हणून घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तीन प्रश्न विचारा. कागद पक्के आहेत का? सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आपल्या शहरात आहे का? आणि आपण गावाला गेल्यावर कोण? तिन्हींची उत्तरं मिळत नसतील तर पिंजऱ्याचे पैसे कोकणच्या तिकिटावर खर्च करा. पावसाळ्याच्या सुमारास एखादा घोयरा रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवा, मागच्या गाड्यांना हात दाखवा आणि तो पलीकडच्या झुडपात शिरेपर्यंत थांबा. मुलांना शॅमेलिऑन दाखवायची याहून चांगली जागा नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण सहज म्हणतो. पाळलेल्या सरड्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. त्याची सगळी धाव तुम्ही बांधलेल्या कुंपणाच्या आतच राहणार. ते उंच, हवेशीर, पानांनी भरलेलं असावं आणि सकाळी तिथे थेंब पडावेत, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पुढच्या भागात, दिल्लीच्या उन्हाळ्यात बाल्कनीतल्या पक्ष्यांसाठी पाणी कसं आणि कुठे ठेवायचं ते पाहू.